गळाची सायकल

ब्रॅडिश विद्यापीठाच्या पोलीस खात्याकडे काय नव्हतं? कमरेला पिस्तुलं होती, निळ्या दिव्यांच्या कोऱ्या गाड्या होत्या, परीक्षेच्या दिवसांत मुलांनी कुरवाळावं म्हणून पाळलेला एक सोनेरी कुत्रा होता, आणि चीफ ब्रँट हॅस्किनला पाहुण्यांबरोबर फोटो काढता यावेत म्हणून झेंडा लावलेली एक खास भिंत होती. नव्हती ती फक्त लाज. हे मत सार्जंट लोरेटा डीट्झचं. तिची अर्धी हयात त्याच खात्यात गेली होती, तेव्हा तिला तसं म्हणायचा हक्क होता.

लोरेटाचं काम गुन्हे घडण्याआधी थांबवण्याचं. ऐकायला ते फार मोठं वाटतं. प्रत्यक्षात ती वाचनालयात फिरायची, आणि कुणी लॅपटॉप उघडा टाकून कॉफी आणायला गेलेलं दिसलं की त्यावर एक पिवळं कार्ड ठेवून यायची: 'मी चोर असते, तर हा आता माझा असता.' मुलं परत येऊन कार्डाचा फोटो काढायची, खिदळायची, आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा तसाच टाकून जायची. ऑगस्टमध्ये नव्या पोरी आल्या की ती त्यांना शिट्ट्या वाटायची. अंगावर कुणी आलं तर शिट्टी वाजवा. आईबाप टाळ्या वाजवायचे. घर गहाण ठेवून फी भरली आणि पोरीच्या हाती शिट्टी पडली, ह्याचं त्यांना काही वाटायचं नाही. लोरेटाला वाटायचं, पण ती हसून पुढच्या पोरीकडे वळायची. पगार हसण्याचाही असतो.

सायकलींचं दुखणं मात्र खरं होतं. बर्फ वितळू लागला की एक पांढरी व्हॅन शहरातून यायची, वाचनालयापुढे भरदिवसा थांबायची, दोघं उतरायचे, मोठ्या कात्रीने कुलपं कापायचे आणि सायकली आत कोंबून निघून जायचे. व्हॅन सगळ्यांनी पाहिली होती. तिचा नंबर कुणी पाहिला नव्हता, कारण पोलीस तेव्हा दुसऱ्या टोकाला चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना दंड करत असत. त्यात आणखी एक गोंधळ असायचा. अर्ध्या मुलांना सायकलीला कुलूप लावायचाच कंटाळा. अशा बेवारशी सायकली इकडेतिकडे पडलेल्या असत आणि हां हां म्हणता नाहीशा होत.

म्हणून जानेवारीत लोरेटाने भोजनगृहात सगळ्या कामगारांची सभा घेतली होती. भांडीवाले, आचारी, झाडूवाल्या बाया, सगळे अ‍ॅप्रनसकट येऊन बसले होते. तिने सांगितलं, बिनकुलपाची सायकल दिसली तर तिथे सोडू नका, हाताने ढकलत आमच्या कचेरीत आणून द्या. आम्ही मालकाला शोधू. भांड्यांच्या खोलीतल्या ल्यूशस पेटवेने मागून हात वर केला. साठीला आलेला, उंच, सावकाश बोलणारा काळा माणूस. तरुणपणी अलाबामातून ओहायोत आलेला, पण बाईमाणसाला नावाआधी 'मिस' लावायची तिकडची रीत त्याने सोडली नव्हती.

"मिस लोरेटा, माझ्यासारखा माणूस दुसऱ्याची सायकल घेऊन रस्त्याने चाललाय, हे कुणी पाहिलं तर काय समजेल?"

खोलीत हशा पिकला. हसणाऱ्यांत काळेच जास्त होते, आणि त्यांच्या हसण्याचा अर्थ लोरेटाला कळायला हवा होता.

"काही काळजी करू नका, ल्यूशस. माझं नाव सांगा."

"बरं," ल्यूशस म्हणाला. त्याने ते खरं मानलं. हीच त्याची चूक.

फेब्रुवारीत हॅस्किनच्या डोक्यातून गळाची सायकल निघाली. कुठल्याशा परिषदेत त्याने ती पाहिली होती. सायकलीच्या बैठकीखाली एक यंत्र लपवायचं, सायकल कुणाच्या तरी डोळ्यांसमोर उभी करायची, आणि ती जागची हलली की कचेरीत घंटा वाजते. चोर जागच्या जागी पकडला जातो. सायकल मुद्दाम भारीतली घेतली, कारण स्वस्त सायकल चोरली तर तो किरकोळ गुन्हा होतो आणि महागडी चोरली तर मोठा.

"वाचनालयापुढे ठेवू या," लोरेटा म्हणाली. "व्हॅन तिथेच येते."

हॅस्किन खुर्चीत रेलून तिच्याच एका पिवळ्या कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत होता. "नको. भोजनगृहाच्या मागे ठेव, माल उतरतो तिथे. आणि कुलूप नको."

"तिथे मुलं फिरकत पण नाहीत, चीफ. तिथून फक्त स्वयंपाकघरातली माणसं ये-जा करतात, बसला जाताना."

"मग?"

"मग काय? व्हॅनवाले तिथे कशाला येतील?"

"लोरेटा, जरा डोकं चालव. व्हॅनवाले कुलपं कापतात, ते यंत्रबिंत्र काढून फेकतील. आणि एखादा विद्यार्थी गळाला लागला तर दुपारच्या आत त्याचा बाप वकील घेऊन इथे हजर. वर तो बाप देणगीदार निघतो. मला अटक हवीय, डोकेदुखी नकोय." त्याने कार्डाचं टोक निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात घातलं. "मार्चअखेर पालक येतात. ते विचारतात, सायकलचोरांचं काय केलंत? मला काहीतरी दाखवायला लागतं."

लोरेटाला शिसारी आली. ती कार्डं तिने स्वतः छापून घेतली होती, पण शिसारी त्याची नव्हती. हा माणूस जे बोलत होता ते जरासुद्धा आडपडदा न ठेवता बोलत होता, ह्याची होती.

"निदान कामगारांना कानावर घालते," ती म्हणाली. "जानेवारीत मीच त्यांना सांगितलंय की सायकल दिसली तर आणून द्या."

"गळाला काय लावलंय ते माशाला कुणी सांगतं का गं?" हॅस्किन हसला. बाहेरच्या टेबलावरचा कोडी श्रॅमसुद्धा हसला. कोडी नवा भरती झालेला, अंगाने बैल, आणि चीफ हसला की हसायचं एवढं त्याला पहिल्याच आठवड्यात उमगलं होतं.

आणि तरीही सायकल तिथे नेऊन उभी केली ती लोरेटानेच. हुकूम आहे, असं ती स्वतःशी म्हणाली. स्वयंपाकघरातली माणसं शहाणी आहेत, हात लावणार नाहीत, असंही म्हणाली. आपण सभेत काय सांगितलं होतं ते कोण लक्षात ठेवतंय, हे तिसरं. तीन-तीन सबबी लागतात तेव्हा माणसाला आतून सगळं कळलेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात, सकाळची न्याहारी आटोपल्यावर, रेडिओवर कोडीचा आवाज फुटला. "गळ हलला! गळ हलला!" जणू ह्याला लॉटरीच लागली होती. लोरेटा धावत सुटली. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सायकल आडवी पडली होती, आणि तिच्याशेजारी ल्यूशस पेटवे पालथा पडला होता, हात मागे बांधलेले, गाल रस्त्यावरच्या मीठ टाकलेल्या घाण बर्फात. भांडी धुताना घालतात तो रबरी अ‍ॅप्रन अजून अंगावरच होता.

"मिस लोरेटा," तो खालूनच म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "सांगा ना ह्या पोराला. तुमच्याकडेच आणत होतो. तुमचं नाव पण सांगितलं मी."

"सगळे असंच म्हणतात, सार्जंट," कोडी म्हणाला. धापा टाकत होता, पण चेहरा फुललेला.

"सगळे म्हणजे कोण? आजवर किती धरलेस?"

"हे पहिलेच."

"ते सायकलीवर बसले होते?"

"नाही. ढकलत चालले होते. पण बसथांब्याकडेच चालले होते."

"गाढवा, आपली कचेरी पण त्याच रस्त्यावर आहे!"

कोडीने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता एकच होता हे त्याच्या ध्यानात तेव्हा आलं असावं. "ते मला काय माहीत," तो पुटपुटला.

"उठव त्यांना. आधी उठव."

"चीफ म्हणालेत, मी येईपर्यंत हलवू नको. फोटो घ्यायचाय."

लोरेटाने स्वतः ल्यूशसच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. गालाला खडे चिकटले होते. ते पुसायला तिने हात पुढे केला तर त्याने मान मागे घेतली. रागाने नाही, परक्या बाईने तोंड पुसणं त्याला बरं दिसलं नाही एवढंच. तेवढ्यात हॅस्किन आला, आणि त्याने फोटो घेतलाच.

तो फोटो जेवणाच्या वेळेपर्यंत खात्याच्या फेसबुकवर झळकला. ल्यूशसचा चिखलाने माखलेला चेहरा, शेजारी महागडी सायकल, वर ठळक अक्षरं: 'आजचा मासा!' आणि एका हसऱ्या माशाचं चित्र. खाली लोकांनी माना डोलावल्या होत्या. शाब्बास, आमच्या मुलांना आता सुरक्षित वाटतं. कुणी विचारलं होतं, असल्या लोकांना नोकरीवर ठेवतातच कशाला? विद्यापीठाने त्या सायंकाळीच ल्यूशसला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवलं आणि चौकशी गुरुवारी लावली. पांढरी व्हॅन त्याच दिवशी वाचनालयापुढे येऊन गेली, हे कुणी फेसबुकवर टाकलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण निदान त्या गोष्टीत फाशी देणारे हसत तरी नसतात.

लोरेटा हॅस्किनसमोर उभी राहिली. "तो माणूस आपल्याकडेच येत होता."

"तुला कसं माहीत?"

"मीच सांगितलं होतं तसं. सगळ्या स्वयंपाकघरासमोर."

"लेखी दिलं होतंस?"

"तोंडी. पण सगळ्यांनी ऐकलंय."

"सगळ्यांनी म्हणजे भांडीवाल्यांनी." हॅस्किनने खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे बघ हं, काय होतं ते. आपल्याच सार्जंटने कामगारांना सायकली उचलायला सांगितल्या, त्याच सार्जंटने सायकल ठेवली, आणि उचलली म्हणून आपण त्यांना आडवं पाडलं. हे तू गुरुवारी सगळ्यांसमोर बोलणार?"

"बोलणार."

"नोकरी जाईल तुझी. माझीही धोक्यात येईल, पण तुझी आधी."

"गेली तर गेली."

"बरं," हॅस्किन शांतपणे म्हणाला. तो एवढा शांत का, ह्याचा विचार तिने करायला हवा होता.

त्या संध्याकाळी ती ल्यूशसच्या घरी गेली; कोर्टाची तारीख देऊन त्याला सोडलं होतं. रेल्वेमार्गापलीकडचं छोटं लाकडी घर. चुलीवर डुकराच्या हाडाबरोबर शिजणाऱ्या घेवड्याचा वास येत होता आणि टेबलावर मक्याची भाकर झाकून ठेवली होती. दार ल्यूशसच्या मुलीने, जॅनेलने उघडलं. अंगावर परिचारिकेचा निळा गणवेश. ती ब्रॅडिशमध्येच शिकत होती, शेवटच्या सत्रात.

"या, या, सार्जंट," जॅनेल म्हणाली. "आज हात रिकामे कसे? अंगणात एखादी मोटार ठेवून बघायची होती. डॅडी उचलतात का ते कळलं असतं."

"जॅनेल," आतून ल्यूशस म्हणाला. "घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात का?"

"घरी आलेल्या माणसाने तुम्हाला चिखलात लोळवलंय, डॅडी. पाय धुऊन पूजा करू का तिची?"

"त्यांनी नाही लोळवलं. त्यांनी उठवलं. बसा, मिस लोरेटा. भाकर खा."

नाही म्हणायची लोरेटाची छाती झाली नाही. खाता खाताच तिने सांगितलं की गुरुवारी ती येईल आणि घडलं ते सगळं बोलेल.

"आणि त्यांनी नाही ऐकलं तर?" जॅनेलने विचारलं. तिने आता खुर्ची ओढली होती. "तुम्हाला माहितेय ना डॅडी तिथे भांडी का घासतात? ट्रकच्या कारखान्यात चांगले मेकॅनिक होते. ती नोकरी सोडून ह्या वाफेच्या खोलीत आले, का? तर विद्यापीठाच्या नोकराच्या पोरांची फी माफ असते. नोकरी असेतोवर. ज्या दिवशी नोकरी जाईल त्या दिवशी माफी बंद. मे महिन्यात पदवी आहे माझी. आत्ता पटावरून नाव काढलं तर हॉस्पिटलातलं कामही जाईल, आणि ते पुन्हा मिळायला वर्ष लागतं, मिळालं तर."

"पण खरं सिद्ध झालं तर नोकरी जाणारच नाही," लोरेटा म्हणाली.

"कधी सिद्ध होणार? कोर्टाची तारीख सप्टेंबरात पडलीय."

ल्यूशसने हात वर करून दोघींना थांबवलं. "माझं ऐका. मी चोर नाही, आणि चोर आहे असं माझ्या हाताने कुठे लिहून देणार नाही. आमची आई शेजाऱ्याच्या झाडाखाली पडलेलं पीचसुद्धा उचलू द्यायची नाही. मिस लोरेटा बोलतील म्हणतायत ना? मग संपलं. मला ह्यांचा शब्द पुरे."

जॅनेलने लोरेटाकडे असं पाहिलं की लोरेटाने भाकरीचा उरलेला तुकडा तसाच बशीत ठेवला.

गुरुवारी चौकशीची खोली अगदी प्रसन्न होती. मऊ गालिचा, बाटलीबंद पाणी, बिस्किटांची थाळी. कर्मचारी विभागाच्या प्रमुख बाई म्हणाल्या की आज आपण एकमेकांचं मोकळ्या मनाने ऐकून घ्यायला जमलो आहोत, ही कुणाची शिक्षा नाही, हा संवाद आहे. त्यांच्या शेजारी हॅस्किन बिस्किट खात बसला होता. ल्यूशस इस्त्रीचा पांढरा सदरा आणि चर्चला घालायचा कोट घालून आला होता. गालावर खरवडल्याच्या खुणा अजून होत्या. तो लोरेटाकडे बघत नव्हता.

बाईंनी विचारलं, कुणाला सुरुवात करायची आहे?

लोरेटा उठली. "मला. ल्यूशस पेटवे यांनी चोरी केलेली नाही. जानेवारीत मी स्वतः…"

"थांबा," ल्यूशस म्हणाला. तोही उठला होता. "बाईसाहेब, मला ह्यांच्याशी बाहेर दोन शब्द बोलायचेत."

बाईंनी हॅस्किनकडे पाहिलं. हॅस्किनने खांदे उडवले आणि दुसरं बिस्किट घेतलं.

बाहेर जुन्या कुलगुरूंच्या तसबिरींखाली ल्यूशस उभा राहिला. त्याने हात कोटाच्या खिशांत घातले.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"मी म्हटलं होतं ना, बोलेन म्हणून."

"मग काल त्यांना कशाला पाठवलंत?"

"कुणाला?"

"तुमच्या चीफला. काल घरी आले होते, पोरगी हॉस्पिटलात असताना. म्हणाले, लोरेटानेच मला पाठवलंय, तिला तोंडाने सांगवत नाहीये. तिच्या बोलण्याने काही होणार नाही हे तिला कळलंय. कोर्टाला सप्टेंबर उजाडेल, तोवर पोरीचं नाव पटावरून गेलेलं असेल. तेव्हा ल्यूशसला म्हणावं, कबुली दे. असं तुम्ही सांगितलंय म्हणाले." त्याने श्वास घेतला. "चोरी केली असं लिहून द्यायचं, आपणहून नोकरी सोडायची, ह्या आवारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. त्याबदल्यात कोर्टात ते किरकोळ धरतील, आणि जॅनेलची फी मेपर्यंत माफ. फीचं त्यांनी लेखी दिलंय. मी दोनदा वाचलं."

"पदवीदानाला?"

"पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही. टीव्हीवर दाखवतात म्हणे."

संशयिताशी पोलीस खोटं बोलला तर चालतं. ह्या देशात ते कायद्यात बसतं. तुझ्या साथीदाराने कबूल केलंय म्हणा, तुझे ठसे सापडलेत म्हणा, काहीही म्हणा. अकादमीत तिला ते शिकवलं होतं, आणि तिने ते वहीत उतरवून घेतलं होतं. हॅस्किनने नियम मोडला नव्हता. त्याने फक्त तिचं नाव वापरलं होतं, कारण त्या घरात तेवढं एकच नाव चालत होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि तोंड पुसून आत बिस्किटं खात बसलं होतं.

"तुम्ही सही केलीत?"

"केली. तुमचं नाव घेतलं म्हणून केली. नाहीतर त्या माणसाला मी पायरीवरसुद्धा उभं केलं नसतं. रात्रभर झोप नाही. पण म्हटलं, मिस लोरेटा आतल्या आहेत, त्यांना जास्त कळतं. त्या सांगतायत म्हणजे दुसरा रस्ताच नसेल." तो जवळ आला. "आणि आज तुम्ही उभ्या राहून उलटंच बोलायला लागलात. तेव्हा मला एकच सांगा. पाठवलं होतं ना तुम्ही त्याला?"

लोरेटाने दाराकडे पाहिलं.

"नसेल पाठवलं तर सांगा. मी आत्ताच्या आत्ता आत जातो, तो कागद फाडतो आणि त्या माणसाच्या बिस्किटात कोंबतो. मग व्हायचं ते होवो. खोट्यावर मी माझं नाव राहू देणार नाही."

तो खरंच तसं करेल ह्यात तिला तिळमात्र शंका नव्हती. कागद फाटला की संध्याकाळी जॅनेलचं नाव पटावरून जाणार. सप्टेंबरात एखाद्या न्यायाधीशाने लोरेटाचं ऐकलं तर ऐकलं. ल्यूशसचं नाव कदाचित स्वच्छ होईल, तोवर पोरीचं वर्ष बुडालेलं असेल, आणि जिच्यासाठी त्याने एवढी वर्षं वाफेत हात भाजून घेतले ती पदवी राहून जाईल. जॅनेल आत्ता कुठल्या तरी म्हाताऱ्याचा ताप बघत असेल. तिला ह्यातलं काही माहीतही नसेल.

दुसऱ्याच्या नावाचा असा सौदा करायचा हक्क लोरेटाला कुणी दिला होता? कुणीही नाही. आत बसलेल्या माणसाने तरी तो कुणाला विचारून घेतला होता? आपण आता त्याच्याच रांगेत जाऊन उभ्या राहतोय हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"हो," ती म्हणाली. "मीच पाठवलं होतं त्यांना."

ल्यूशसने तिच्याकडे पाहिलं. चिखलात पडला होता तेव्हा त्याच्या डोळ्यांत नव्हतं, ते आता होतं. खरकट्या ताटात काहीतरी वळवळताना दिसावं, तसं तो पाहत होता.

"म्हणजे जानेवारीत सायकल आणून द्या म्हणालात," तो सावकाश म्हणाला, "तेही ह्याचसाठी."

तिने तोंड उघडलं. ह्याला नाही म्हणायचं तर आधीच्यालाही नाही म्हणावं लागणार होतं. तिने तोंड मिटलं.

"आत येऊ नका," ल्यूशस म्हणाला, आणि कोट सरळ करून दार लोटून गेला.

ती बाहेर उभी राहिली. दार नीट लागलं नव्हतं. आतून त्याचा आवाज स्पष्ट येत होता, सभेत प्रश्न विचारला होता तेव्हाइतकाच सावकाश आणि अदबशीर. सायकल आपणच चोरली, तो सांगत होता, आपल्याला कुणीही तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि झाल्या प्रकाराबद्दल आपण विद्यापीठाची माफी मागतो.